तेराव्या फेरीतले ठोके

४ नोव्हेंबर

प्रिय बेडके,

तुझं कार्ड मिळालं. बाबा गेल्याचं मी तुला कळवलं त्याला आठ महिने झाले, त्यामुळे आता काही येईल असं वाटलं नव्हतं. टपालपेटीत दुकानांच्या जाहिरातींखाली पडलं होतं. अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे धावत सुटलेलं. कार्डाच्या मागे तुझ्या तलावाचं वेळापत्रक छापलंय. लहान मुलांना पोहायला शिकवतेस हे मला असं छापील कळलं.

तू लिहिलंस, "तेराव्या फेरीला वाजलं ते तू वाजवलं होतंस का? हो की नाही, एवढंच लिही. खरं लिहिलंस तर भेटायला ये. खोटं लिहायचं असेल तर लिहूच नकोस."

बावीस वर्षांत तुझी ही चारच वाक्यं माझ्या वाट्याला आली. उत्तर एका शब्दाचं आहे आणि मी सकाळपासून तीन कागद फाडलेत. तू म्हणशील, ताईचं नेहमीचंच, विचारलं एक की सांगणार दुसरं. तर दुसरंच सांगते.

मी समुद्राकाठी एका केंद्रात काम करते. धक्क्याच्या टोकाला पत्र्याची खोली, आत चार संगणक, एक खिडकी, आणि खिडकीवर मिठाची साय, कितीही पुसली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा. आमचं काम म्हणजे पाण्याखालून निरोप पाठवणं, आणि तेही असे की ऐकणाऱ्याला हा निरोप आहे याचाच पत्ता लागू नये. हे कुणाला सांगायची मुभा नाही. पण तू कुणाला सांगणार? तू तर माझ्याशीच बोलत नाहीस.

पाण्याखाली उजेड थोडं अंतर जाऊन विझतो, रेडिओ चालत नाही. आवाज मात्र मैलोन्‌मैल जातो. अडचण एवढीच की तो सगळ्यांनाच ऐकू जातो. म्हणून आम्ही निरोप डॉल्फिनच्या शिळेत लपवतो. एक शीळ, मग थांबणं, मग पुन्हा तीच शीळ. कुठे लहान थांबणं, कुठे मोठं. निरोप शिळेत नसतोच, थांबण्यात असतो. ज्याच्याकडे त्या थांबण्यांची यादी आहे त्याला तो वाचता येतो. बाकीच्यांना वाटतं, डॉल्फिन आहेत, खेळतायत बिचारे.

आमचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, चार किलोमीटर आत जाऊन पाण्यात माइक सोडतो. मी इकडून धक्क्याखालच्या भोंग्यातून शिळा पाठवते. परवा मी पाठवलं, "चहा टाकलाय, लवकर या." तो परत आला तो बिस्किटांचा पुडा घेऊन.

"निरोप पोचल्याचा पुरावा," म्हणाला.

मॅडम, म्हणजे आमच्या प्रमुख, म्हणतात की मला हे काम उपजत येतं. त्यांना कुठे माहीत, मी लोखंडी शिडीवर किल्ली वाजवून चौदाव्या वर्षापासून हेच करतेय.

उत्तर लिहिते. थोडा वेळ दे.

ताई


१९ नोव्हेंबर

प्रिय बेडके,

इकडे एक गंमत झालीय. आमच्या भोंग्याजवळ एक डॉल्फिन येऊ लागलीय. आम्ही मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी प्रयोग करतो. शिळा सुरू झाल्या की पंधरा मिनिटांत ही हजर. तांडेल म्हणतो मादी आहे, आणि तो म्हणतो म्हणजे असणारच. माणसांची नावं त्याच्या लक्षात राहत नाहीत, पण डॉल्फिन तो पाठीवरच्या पंखावरून एकेक ओळखतो. हिच्या पंखाला वरच्या टोकाशी खाच आहे. ही कधी घोळक्यात दिसत नाही, एकटीच येते.

भोंग्याभोवती चकरा मारते. मग डोकं खाली करून उभी राहते, भोंग्याला जवळजवळ टेकून, आणि शीळ घालते. माझ्या कानावर हेडफोन असतो, उजव्या. ती शीळ घालून थांबते. आमच्याकडून काही जात नाही, कारण नेमकं तेव्हा आमचं मोठं थांबणं चालू असतं. ते संपलं की आमची शीळ जाते, आणि ती वेड्यासारखी गोल फिरते.

"तुमचं गिऱ्हाईक आलं बघा," त्याच्या माइकवर तिची शीळ आली की तांडेल बोटीवरून वायरलेसवर ओरडतो.

मॅडम खूष आहेत. "डॉल्फिनच फसली म्हटल्यावर आवाज अस्सल," म्हणाल्या. अहवालात हे वाक्य घालायला सांगितलं. मी घातलं.

आता आपलं. तुला सगळं आठवत असेल, पण मला ते एकदा लिहून बघायचंय. माझा डावा कान फुटला तेव्हा मी चौदाची होते आणि तू अकराची. डॉक्टरांनी माझं पोहणं बंद केलं. बाबांनी दुसऱ्या दिवशी माझ्या हातात वही दिली, तुझ्या वेळा लिहायला, आणि माझ्याकडे बघणं थांबवलं. बघायचे ते स्टॉपवॉचकडे आणि तुझ्याकडे. ते समोरच्या काठावरून घसा फोडून ओरडायचे, आणि तू म्हणायचीस, "ताई, मला पाण्यातून बाबा नुसतेच तोंड उघडझाप करताना दिसतात. मासा गं, मोठा मासा."

तेव्हा आपण ते ठरवलं. मी शिडीजवळ बसायचं आणि तलावावरच्या माझ्या कपाटाची किल्ली शिडीच्या दांड्यावर वाजवायची. एक ठोका, आहेस तशी रहा. दोन आणि दोन, मध्ये थांबून, म्हणजे हळू, पुढे जागा आहे, दम राख. तीन झपाझप, आता असेल नसेल ते सगळं लाव. सात वर्षं बाबांना पत्ता लागला नाही. त्यांना वाटायचं, पोरगी आपलं ऐकतेय.

बाहेरगावच्या शिबिराच्या निवडीच्या दिवशी किल्ली माझ्या हातात होती हे खरं. गर्दी होती, मी पुढे वाकले होते. दांड्याला लागली असेल. तसं झालं असेल तर मला कळलंही नसेल, बेडके. नकळत लागू शकते.

ताई


२१ नोव्हेंबर

परवाचं पत्र फाडून टाक.

नकळत एकदा लागू शकते. दोन आणि दोन, मध्ये थांबून, नाही.


५ डिसेंबर

प्रिय बेडके,

तू काही लिहिलं नाहीस हे बरोबरच आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

काल तांडेलाने चहा पिता पिता विचारलं, "ताई, ही शीळ आणली कुठून हो तुम्ही?" इथे सगळे मला ताईच म्हणतात.

"जुन्या साठ्यातली आहे," मी म्हटलं.

"नाही, म्हणजे कुणाची?"

"धक्क्याजवळ मिळाली होती."

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "चार वर्षांपूर्वी धक्क्याच्या खांबांना फाटकं जाळं अडकलं होतं, आठवतं? त्यात पिल्लू गुंतून मेलं. मीच काढलं. त्याची आई तीन दिवस बाहेर फिरत होती, आत यायला घाबरत. तिच्या पंखाला खाच होती."

मी कप विसळायला उठले.

तुला सांगते, कारण दुसरं कुणी नाही. डॉल्फिनची शीळ म्हणजे नुसती शीळ नसते. प्रत्येकाची वेगळी असते, आपल्या नावासारखी, आणि एकटं पडलं की ते आपलं नाव पुन्हा पुन्हा घेत राहतं, कुणी ऐकेल म्हणून. आई ते विसरत नाही.

पिल्लू जाळ्यात अडकलं त्या सकाळी ऐकायची पाळी माझी होती. माइकवर शीळ आली, एकच, पुन्हा पुन्हा, आणि इतकी स्वच्छ की मी पेन खाली ठेवलं. मागे बोटीचा आवाज नाही, दुसरा डॉल्फिन नाही. मी रेकॉर्डिंग सुरू केलं. दीड तास चाललं ते. पहिल्या अर्ध्या तासातच मला कळलं होतं की खेळणारं जनावर असं सलग ओरडत नाही. खिडकीतून खांब दिसत नाहीत. उठून बाहेर चार पावलं गेले असते तर दिसलं असतं. पण दार उघडलं की पत्रा करकरतो, आणि तो आवाज माइकमध्ये येतो. मी बसून राहिले. शेवटी शिळांमधली अंतरं लांबत गेली. मी ती अंतरं मोजली आणि वहीत लिहिली. शेजारी शेरा लिहिला, "अतिशय स्वच्छ. मागे दुसरा आवाज नाही."

गेल्या वर्षी मॅडमनी साठ्यातल्या शंभर शिळा ऐकल्या आणि हीच निवडली. "ही कुठली?" त्यांनी विचारलं. "धक्क्याजवळची," मी म्हटलं. खोटं काहीच नव्हतं त्यात.

म्हणजे आठवड्यातून दोनदा मी एका आईला तिच्या मेलेल्या पिल्लाच्या नावाने हाक मारतेय. ती धावत येते, विचारते, आणि आम्ही थांबून राहतो, कारण निरोप थांबण्यात असतो.

पुढच्या शुक्रवारी पाहुणे येणार आहेत. प्रयोग पसंत पडला तर हीच शीळ किनाऱ्यावर वीस ठिकाणी बसवतील. वीस ठिकाणांहून हाक जाईल.

बोलायला हवं. मला बोलता येत नाही हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

ताई


१३ डिसेंबर

प्रिय बेडके,

काल पाहुणे आले. चौघे होते, स्वतःची यंत्रं घेऊन. त्यांनी चार किलोमीटरवर बोट लावली आणि निरोप पकडून दाखवायचं ठरलं. आम्ही नऊ निरोप पाठवले. तांडेलाकडे यादी होती, त्याने नऊच्या नऊ वाचले. पाहुण्यांना एकही सापडला नाही. त्यांनी वहीत लिहिलं होतं, "डॉल्फिन, एक किंवा दोन."

खोलीत टाळ्या झाल्या. मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "वीस यंत्रांचं काम महिनाभरात सुरू करू," पाहुण्यांपैकी एकाने म्हटलं.

खिडकीबाहेर ती अजून फिरत होती. भोंगा बंद होऊन अर्धा तास झाला होता.

"ही शीळ वापरता येणार नाही," मी म्हटलं.

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. सगळे वळले. आधी मी कामाचं कारण दिलं, की ती मादी दर वेळी ठरल्या वेळी ठरल्या जागी येते. यंत्राला निरोप सापडत नसेल, पण नुसता पाण्याकडे बघणारा माणूससुद्धा भोंगा कुठे आहे ते बोट दाखवून सांगेल.

"मग तिला हाकलू," मॅडम हसत म्हणाल्या. "एका जनावरासाठी अडून बसणार का आपण?"

मग मी उरलेलं सांगितलं. जाळं, पिल्लू, दीड तास. तांडेल दारात उभा होता. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. टोपीचं काय करावं हे त्याला सुचलं नसावं.

पाहुणे बाहेर गेल्यावर मॅडमनी दार लावलं.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणी विचारलं नाही."

"मी विचारलं होतं," मॅडम म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या, त्याचंच वाईट वाटलं. "मी विचारलं होतं, ही कुठली. तू म्हणालीस, धक्क्याजवळची. खोटं बोलली असतीस तर परवडलं असतं गं. पकडता तरी आलं असतं."

काम सहा महिने मागे गेलंय. नवी शीळ शोधायची, संगणकावर रचलेली, कुणाचीच नसलेली. मला भोंग्यावरून काढलं. आता मी आतल्या खोलीत जुन्या रेकॉर्डिंगची यादी करते, प्रत्येकापुढे आवाज कुणाचा, कुठे, कसा मिळाला, हे पूर्ण वाक्यात लिहायचं.

रागावू नकोस. पुढचं पत्र तुझ्या प्रश्नाचंच आहे.

ताई


३ जानेवारी

प्रिय बेडके,

हो. मी वाजवलं होतं.

बाराव्या फेरीच्या वळणावर तू पहिली होतीस. तू डावीकडे श्वास घेत होतीस, त्यामुळे उजवीकडच्या सहाव्या पट्ट्यातली मुलगी तुला दिसत नव्हती. मला दिसत होती. अर्ध्या अंगाचं अंतर उरलं होतं आणि ती चढत होती, तिच्यामागे तिसरीही. तीन ठोके द्यायचे होते. मी किल्ली उचलली तेव्हा तीनच द्यायचे होते. मी दिले दोन, थांबले, आणि दोन.

तू लगेच ऐकलंस. तुझा खांदा सैल पडलेला मला काठावरून दिसला. इतका विश्वास, बेडके. पाण्यात डोळे मिटून चालत यावं तसा. तू तिसरी आलीस, बोटभर अंतराने, आणि दोघींनाच घेणार होते.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तू म्हणालीस, "पाण्यात आवाज कुठून येतो ते कळत नाही, बाबा. पण हात कुणाचा ते कळतं. तो ताईचा हात होता." सात वर्षांचं आपलं गुपित तू एका दमात सांगून टाकलंस, आणि बाबांना ते बनवून सांगितल्यासारखं वाटलं. ते माझ्याकडे वळले. "तू वाजवलंस काही?" मी ताटली पुसत होते. नाही म्हटलं. ताटली कोरडी झाली होती तरी पुसत राहिले. बाबा तुला म्हणाले, "हरलीस ती हरलीस. बहिणीवर ढकलू नकोस." तू माझ्याकडे बघितलंस. मी कपाट उघडून ताटली आत ठेवली.

मत्सर होता असं लिहिलं तर तुला पटेल आणि मला सोपं जाईल. थोडा असेलही. पण खरं कारण तुझ्या पलंगाखाली होतं. निवड व्हायच्या आधीच तू बॅग भरून ठेवली होतीस. मी सकाळी तुझी चप्पल शोधायला वाकले तेव्हा दिसली. आपल्या दोघींची निळी चादर तू घडी करून आत घातली होतीस. मला चादरीचा राग आला नाही. मला एवढंच दिसलं की उद्यापासून घरात मी, बाबा आणि ते स्टॉपवॉच. वाटलं, तू हळू झालीस तर राहशील.

तू त्याच आठवड्यात तीच बॅग घेऊन गेलीस. चादर मात्र काढून माझ्या पलंगावर ठेवून गेलीस.

बाबा शेवटपर्यंत म्हणत राहिले की धाकटी हट्टी आहे. मी त्यांना कधी सांगितलं नाही. शेवटच्या दिवसांत त्यांना उशाशी बसून चमच्याने पाणी पाजताना रोज ठरवायचे, आज सांगू. आता ते राहिलंच. ते तुझ्याकडून मी हिरावलेलं दुसरं.

प्रयोग बंद झाल्यावर तांडेल चार दिवस माझ्याशी बोलला नाही. मग एका मंगळवारी आतल्या खोलीच्या दारात येऊन म्हणाला, "आली होती." शुक्रवारी पुन्हा म्हणाला. भोंगा गप्प होता, तरी ती वेळेवर यायची, चकरा मारायची, डोकं खाली करून उभी राहायची. अशी चार वेळा आली. या मंगळवारी आली नाही. कालही नाही. तांडेल म्हणाला, "सुटली बिचारी." मला बरं वाटायला हवं होतं. मी दुपारपर्यंत खिडकी पुसत बसले.

तू लिहिलं होतंस, खरं लिहिलंस तर ये. ते तू उत्तर कळायच्या आधी लिहिलं होतंस. आता कळल्यावरही तसंच वाटेल असं नाही. म्हणून विचारत नाही, काय करणार आहे ते सांगते.

सोबत किल्ली पाठवतेय. चौदा नंबरच्या कपाटाची. मी ती परत केली नव्हती. तुझ्या वेळापत्रकात शनिवारी मुलांचा वर्ग नऊला संपतो. सतरा तारखेच्या शनिवारी मी नऊनंतर येईन. तिकिटाच्या खिडकीवर तुझी चौकशी करणार नाही, नाव सांगणार नाही. शिडीच्या बाजूने पाण्यात उतरेन. कानाला पाणी लावू नका म्हटल्याला एकोणतीस वर्षं झाली. डाव्या कानात मेणाचा बोळा घालीन, वर टोपी. मग डोकं पाण्याखाली घेईन आणि शिडीला धरून राहीन. शिडी तुझ्याकडेही लोखंडाचीच असेल.

आपली खूण माझा कान गेल्यानंतरची. मी एवढी वर्षं वाजवत राहिले, पण पाण्यात तो ठोका कसा लागतो ते मी कधी ऐकलेलंच नाही.

किल्ली आता तुझ्याकडे आहे. एक, दोन, तीन, काहीही वाजव. मी वर येईन आणि तू जे बोलशील ते ऐकीन, मध्ये एक शब्द न बोलता. काहीच वाजलं नाही तर कपडे बदलून दुपारच्या गाडीने परत येईन, आणि पुन्हा पत्र लिहून तुला छळणार नाही.

माझा दम आता फार उरलेला नाही. घरी बादलीत तोंड बुडवून मोजलं, पस्तीस सेकंद भरले. तेवढ्यात ठरव असं म्हणत नाही. श्वास घेऊन पुन्हा बुडी मारीन. तलाव बंद होईपर्यंत मारीन.

तुझी,
ताई